अंगण किती सोडायचे? सीमाभागातील घरबांधणीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत: आपल्या मालकीच्या प्लॉटवर घराने किती जमीन व्यापावी, हे कोण ठरवते आणि शेजारच्या गावात ते वेगळे का असते? बेळगाव शहर, त्याला चिकटलेली उपनगरे, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडचा चंदगड-कागलचा पट्टा हा आपल्या नात्यागोत्यांचा एकच मुलूख आहे. लग्नसंबंध, शेती आणि नोकऱ्या यांनी तो बांधलेला आहे. घरबांधणीचे नियम मात्र मैला-दोन मैलांवर बदलतात, आणि एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी सल्ला म्हणून दिला जातो. त्यातूनच बहुतेक घोटाळे होतात. म्हणून या वेळी निवडक पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: स. न. वि. वि. आमचा पिरनवाडीजवळ ३० बाय ४० फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. टिळकवाडीत घर बांधलेल्या मेहुण्यांना चारी बाजूंनी जागा सोडावी लागली. शिनोळीचा मामेभाऊ म्हणतो, तिकडे एफएसआय बघतात, टक्केवारीचे कोणी विचारत नाही. आमचे कंत्राटदार सांगतात, ७५ टक्के जागेवर बिनधास्त बांधा, बेंगळुरूतही तेच चालते. तिघांपैकी कोणाचे खरे मानावे?

उत्तर: तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतील, पण त्यांपैकी एकाचेही उत्तर आपल्या प्लॉटला जसेच्या तसे लागू होत नाही. आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण बोलण्यात त्या नेहमी एकमेकींत मिसळतात.

पहिली गोष्ट जमीनव्याप्ती, म्हणजे बोलीत ज्याला आपण प्लॉट कव्हरेज म्हणतो ती. घराच्या जोत्याच्या लगेच वर बांधकामाने जेवढी जमीन झाकली जाते, तिचे एकूण प्लॉटशी असलेले प्रमाण म्हणजे व्याप्ती. वरती किती मजले आहेत, याचा या आकड्याशी संबंध नसतो. दुसरी गोष्ट चटई क्षेत्र निर्देशांक. महाराष्ट्रात त्याला एफएसआय म्हणतात आणि कर्नाटकात एफएआर. सर्व मजल्यांचे मिळून होणारे क्षेत्रफळ प्लॉटच्या किती पट असावे, हे त्यावरून ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे पुढे, मागे आणि बाजूंना मोकळी सोडायची पट्टी. आपल्याकडे तिला सेटबॅक म्हणतात, तर महाराष्ट्राच्या कागदांत तिचे नाव सामासिक अंतर असे आहे.

लोक व्याप्तीचा आकडा विचारतात आणि तिथेच थांबतात. लहान प्लॉटवर घराचा आकार ठरवण्याचे काम मात्र प्रत्यक्षात सेटबॅकच करतो. हिशेब मांडून पाहा. आपला प्लॉट मीटरमध्ये ९.१४ बाय १२.१९, म्हणजे सुमारे १११.४ चौरस मीटर आहे. समजा, नियमाने पुढे दीड मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना एकेक मीटर सोडायला सांगितले. मग रुंदी ७.१४ आणि खोली ९.६९ मीटर उरते, आणि जोत्याचे क्षेत्र ६९.२ चौरस मीटर होते. ही व्याप्ती ६२ टक्के झाली. कागदावर ७५ टक्क्यांची मुभा असली, तरी उरलेले १३ टक्के आपल्या हाती कधीच येणार नाहीत. तेच एका बाजूचा सेटबॅक माफ असेल, तर व्याप्ती जवळपास ७१ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून कार्यालयात गेल्यावर “किती टक्के बांधता येते?” असे न विचारता “या रुंदीच्या आणि या रस्त्यावरच्या प्लॉटला चारी बाजूंना किती सोडायचे?” असे विचारावे. मी दिलेली अंतरे केवळ हिशेबासाठी घेतलेली आहेत, आपल्या प्लॉटची म्हणून ती धरू नयेत.

आता कंत्राटदारांच्या म्हणण्याविषयी. बेंगळुरूच्या २००७ पासून लागू झालेल्या आराखड्यात ३६० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी प्लॉटला ७५ टक्के व्याप्ती आणि १.७५ एफएआर दिलेला आहे. हा आकडा कर्नाटकभर इतका फिरला आहे की, अनेकांना तो राज्याचाच कायदा वाटतो. तसे नाही. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा आहे. त्याखाली प्रत्येक नियोजन क्षेत्राचा स्वतःचा बृहद् आराखडा आणि स्वतःचे विभागीय नियम असतात. बेंगळुरूचा तक्ता बेळगावला लागू होत नाही आणि बेळगावचा निपाणीला होत नाही. त्यातही गंमत अशी की, तो आकडा लागू असता तरी आपल्या प्लॉटवर सेटबॅकने व्याप्ती ६२ टक्क्यांवर आणलेली असती, आणि तिसऱ्या मजल्यावर एफएआर आडवा आला असता. १११.४ ची १.७५ पट म्हणजे १९५ चौरस मीटर, आणि ६९.२ चे तीन पूर्ण मजले म्हणजे २०७ हून अधिक. म्हणजे वरचा मजला सुमारे १२ चौरस मीटरने, एका खोलीएवढा, आखूड करावा लागला असता.

मामेभावाच्या सांगण्यातही तथ्य आहे, कारण सीमेपलीकडे नियमांची रचनाच वेगळी आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून बाकी राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. तिच्यात भर निर्देशांकावर आणि सामासिक अंतरांवर आहे. दाट वस्तीबाहेरच्या निवासी जमिनीला मूळ निर्देशांक १.१० आहे, आणि त्यावर शुल्क भरून निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते. तिकडे “टक्केवारी” कोणी विचारत नाही याचे कारण एवढेच. जागा मात्र तिकडेही सोडावीच लागते. बाची ओलांडून शिनोळीत शिरताना रस्ता तोच, माणसे तीच आणि भाषाही तीच असते. पण कायदा बदलतो, आणि तो नात्यावर चालत नाही.

राहिला आपल्या प्लॉटचा प्रश्न. पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा, कंग्राळी, काकती ही गावे वाढत वाढत शहराला कधी भिडली, हे कोणाला कळलेही नाही. या पट्ट्यात परवाना देणारे कार्यालय आणि आराखडा तपासणारे कार्यालय पुष्कळदा वेगवेगळे असते. कर्नाटक ग्राम स्वराज व पंचायत राज कायदा १९९३ च्या कलम ६४ नुसार ग्रामपंचायतीच्या हद्दीत बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. पण तीच जमीन बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, नियोजन क्षेत्रात येत असेल, तर १९६१ च्या कायद्याचे विभागीय नियमही तिला लागतात. पंचायतीचा शिक्का मिळाला म्हणजे सर्व झाले, असे समजून ज्यांनी पाया घातला, त्यांपैकी अनेकांना पुढे कर्जाच्या वेळी किंवा विक्रीच्या वेळी त्रास झालेला मी पाहिला आहे. म्हणून सर्व्हे नंबर आणि एनए आदेशाची प्रत घेऊन दोन्ही ठिकाणी जावे आणि उत्तर लेखी मागावे. कागद कन्नडमध्ये मिळेल. तो समजला नाही, तरी होकारार्थी मान हलवून परत येऊ नये. जाणत्या माणसाकडून तो ओळीने वाचून घ्यावा आणि सेटबॅकचे चारही आकडे आपल्या हाताने मराठीत उतरवून ठेवावेत.

प्रश्न: वडगावमधील आमचे घर सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचे आहे. पुढे सोपा, मध्ये मागाची खोली, मागे न्हाणी आणि परडे. रुंदी १४ फूट, खोली ७० फूट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहेत. घर पाडून नवे बांधायचे म्हटले, तर एका इंजिनिअरने दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडा असे सांगितले. मग आम्ही राहायचे कुठे आणि माग ठेवायचा कुठे?

उत्तर: ताई, आपला प्रश्न मला या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटला. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील विणकरांची घरे अशीच आहेत. ती अशी का बांधली गेली, हे समजल्याशिवाय त्यांना प्लॉटिंगमधल्या बंगल्याचा नियम लावणे अन्यायाचे आहे.

दोन्ही बाजूंना तीन फूट सोडले, तर आपल्याकडे आठ फूट रुंदी उरते. त्यातून नऊ-नऊ इंचांच्या दोन भिंती वजा केल्या की आत साडेसहा फूट. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांहून थोडी जास्त असावी लागते. म्हणजे एक नियम पाळताना दुसरा मोडतो, आणि उरलेल्या बोळात माग तर बसणारच नाही. ज्या सल्ल्याने राहण्याजोगी एकही खोली होत नाही, तो सल्ला आपल्या प्लॉटसाठी दिलेला नाही, हे यावरूनच ओळखावे.

जुन्या गावठाणातील सलग भिंतीची घरे आणि नव्या ले-आउटमधील सुटी घरे यांत नियोजनशास्त्र फरक करते. पहिल्या प्रकाराला ओळघरे म्हणतात. त्यात बाजूचा सेटबॅक नसतो. त्याबदली पुढे, मागे किंवा मध्ये उघडी जागा ठेवावी लागते. म्हणून आपले पहिले काम नकाशा काढण्याचे नाही. आपला सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक आराखड्यात जुन्या वस्तीच्या विभागात येतो का आणि तिथे सामाईक भिंतीवर बांधण्याची मुभा कोणत्या अटींवर आहे, हे आधी लेखी विचारून घ्यावे. दुसरे काम शेजाऱ्यांशी बोलण्याचे. सामाईक भिंत पाडायची, तशीच ठेवून तिच्या आत आपली नवी भिंत उभारायची की दोघांनी मिळून नवी बांधायची, याचा करार घर पाडण्यापूर्वी कागदावर व्हायला हवा. भिंतीचा पाया मातीचा असेल, तर आपला नवा पाया खणताना शेजारचे घर खचू शकते. हा वाद गल्लीतील तीन पिढ्यांचे संबंध एका पावसाळ्यात संपवतो.

आता उजेडाचे. १४ बाय ७० म्हणजे ९८० चौरस फूट. समजा, मागे १० फुटांचे परडे आणि मध्ये १४ बाय ८ चा उघडा चौक ठेवला, तर २५२ चौरस फूट मोकळे राहतात आणि व्याप्ती ७४ टक्क्यांच्या आसपास येते. बाजूंना बोळ न सोडताही घर मोकळे राहिले, आणि ती मोकळी जागा कामाच्या ठिकाणी, म्हणजे माग आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध आली. विणणाऱ्या माणसाला धागा तुटलेला दिसण्यासाठी दिवसाचा उजेड लागतो. आपल्या सासऱ्यांच्या आजोबांना हे माहीत होते, म्हणूनच माग मधल्या खोलीत असूनही त्याच्यावर कौलातून उजेड येत असणार. नव्या स्लॅबच्या घरात ती सोय कोणी आपोआप करून देत नाही. चौकावर पुढे “तात्पुरता” पत्रा टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पत्रा पडला की चौक व्याप्तीत मोजला जातो आणि घर दिवसाही दिव्यावर चालते.

आणखी एक. यंत्रमाग असेल, तर निवासी विभागात किती अश्वशक्तीपर्यंत आणि किती क्षेत्रात तो चालवता येतो, याचीही नोंद परवान्यात करून घ्यावी. घराचा परवाना आणि धंद्याचा परवाना यांची गल्लत झाली, तर वीजजोडणीच्या वेळी अडचण येते.

प्रश्न: वडिलांच्या नावे अनगोळ भागात ४० बाय ६० चा प्लॉट आहे. आम्ही दोघे भाऊ. मध्ये उभी रेघ मारून २० बाय ६० चे दोन प्लॉट करावेत आणि वेगवेगळी घरे बांधावीत, असे ठरत आहे. काही अडचण?

उत्तर: अडचण आहे, आणि ती भावाभावांत नसून हिशेबात आहे. वरच्या उदाहरणातील अंतरेच घेऊ: पुढे दीड मीटर, बाकी तिन्हीकडे एकेक मीटर. अखंड प्लॉटवर १०.१९ बाय १५.७९ मीटरचे, म्हणजे सुमारे १६१ चौरस मीटरचे जोते बसते. दोन तुकडे केले की प्रत्येकी ४.१० बाय १५.७९, म्हणजे ६४.७ चौरस मीटर, आणि दोन्ही मिळून सुमारे १२९.५. एका रेघेपायी सुमारे साडेतीनशे चौरस फूट जोते गेले. ते घरांच्या मध्ये दोन मीटर रुंदीचा बोळ होऊन पडते. मोठ्या प्लॉटला सेटबॅकही सहसा जास्त असतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून कमी पडेल. पण दिशा हीच राहील. शिवाय घराची बाहेरची रुंदी ४.१० मीटर म्हणजे साडेतेरा फूट. त्यात जिना घातला की शेजारी धड खोली उरत नाही.

दुसरी बाब कायद्याची आहे. मंजूर ले-आउटमधील प्लॉटचे विभाजन ही घरगुती वाटणी नव्हे. १९६१ च्या कायद्याच्या कलम १७ खाली त्याला नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. ती न घेता केवळ वाटणीपत्र करून बांधलेली घरे नकाशाशी जुळत नाहीत, आणि मग प्रत्येक अर्जाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मी आपल्याला असे सुचवेन की, प्लॉट अखंड ठेवून मधल्या एका सामाईक भिंतीची जोडघरे बांधता येतील का, हे आधी तपासावे. ते जमत नसेल, तर खालचा मजला एकाचा आणि वरचा दुसऱ्याचा अशी रचना करून जमिनीतील हिस्सा अविभक्त ठेवावा आणि जिना बाहेरून काढावा. वडील हयात असताना हे कागद झाले, तर उत्तम. मात्र उघड्या जिन्याला व्याप्तीत धरत नाहीत म्हणून तो सेटबॅकमध्ये काढायचा आणि नंतर त्यावर छप्पर घालायचे, हा आपल्याकडे रूढ झालेला प्रकार करू नये. छप्पर पडले की तो बांधकामच ठरतो.

प्रश्न: हिंदवाडीत आमचे घर तीस वर्षांपूर्वीचे आहे. शेजाऱ्यांनी जुने घर पाडून नवे बांधताना आमच्या बाजूचा सेटबॅक संपूर्ण व्यापला आहे. आमच्या दोन खोल्यांचा उजेड गेला. पावसाचे पाणीही आता आमच्याकडेच उतरते. तक्रार केली तर संबंध बिघडतील. काय करावे?

उत्तर: आपल्याकडे दोन वेगवेगळे अधिकार आहेत आणि दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

पहिला अधिकार उजेडाचा आणि वाऱ्याचा. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षे शांतपणे आणि अखंडपणे उजेड व वारा मिळत आलेला असेल, तर तो मिळत राहण्याचा अधिकार निर्माण होतो. घर तीस वर्षांचे आहे, त्यामुळे काळाची अट आपल्या बाजूने आहे. हा दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. जुने फोटो, मंजूर नकाशा आणि खिडक्यांची मापे आजच जमवावीत.

दुसरा अधिकार मंजूर नकाशानुसार बांधकाम व्हावे, हा. शहराच्या हद्दीत कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ लागू आहे. परवान्याविरुद्ध बांधकाम झाल्यास आयुक्त कलम ३२१ खाली प्रथम तात्पुरता आदेश काढतात, मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देतात आणि त्यानंतर अंतिम आदेश देतात. तक्रार अर्जात भावनेपेक्षा मापे लिहावीत: मंजूर नकाशात आपल्या बाजूला किती अंतर आहे आणि प्रत्यक्षात किती राहिले आहे. त्यासाठी शेजाऱ्यांच्या मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. काम चालू असतानाच अर्ज करणे चांगले. स्लॅब पडल्यावर भिंत मागे घेणे मालकालाही जड जाते आणि कार्यालयालाही.

बांधकामातील थोडाफार फरक दंड भरून मान्य होतो, हे खरे आहे. बेंगळुरूच्या २००३ च्या उपविधीत तो ५ टक्क्यांपर्यंत होता. संपूर्ण सेटबॅक व्यापणे हे कोणत्याही हिशेबाने थोडे नव्हे. ७५ सेंटीमीटरपर्यंतचा छज्जा राष्ट्रीय इमारत संहितेला चालतो. छज्ज्याच्या नावाखाली खोली बाहेर काढलेली मात्र चालत नाही.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सेटबॅक हा सरकारने लादलेला निरुपयोगी बोळ आहे, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. बेळगावला वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, असे धरा. ३० बाय ४० च्या एका प्लॉटवर त्याचे सव्वा लाख लिटरहून अधिक पाणी होते. एकाच दिवशी १०० मिलिमीटर पडला, तर अकरा हजार लिटर, म्हणजे दोन टँकर भरून वाहतील एवढे पाणी एका लहानशा घरावर उतरते. पूर्वी ते अंगणात, परड्यात, विहिरीच्या कडेला मुरत असे. आता प्लॉट पूर्ण झाकला जातो, उरलेल्या पट्टीवर फरशी बसते आणि सगळे पाणी एकदम गटारात जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा सर्वांनी नदी-नाल्यांकडे बोट दाखवले. बेळ्ळारी नाला अरुंद झाला आणि गाळाने भरला, हे खरेच आहे. पण त्या नाल्यात शहराच्या छपरांचे आणि फरश्यांचे पाणी किती वेगाने येऊन पडते, याचाही विचार आपण करायला हवा. व्याप्तीच्या नियमात फरशी मोजली जात नाही, हा त्या नियमाचा मोठा दोष आहे, असे माझे मत आहे. ६० टक्के व्याप्तीचे घर आणि उरलेल्या ४० टक्क्यांवर काँक्रीट, असा प्लॉट कागदावर निर्दोष असतो; पावसाच्या दृष्टीने तो शंभर टक्के झाकलेला असतो.

संबंधांचे म्हणाल, तर अर्ज देण्यापूर्वी एकदा दोन्ही नकाशे घेऊन शेजाऱ्यांच्या सोप्यात जाऊन बसावे. निदान पन्हळ लावून छपराचे पाणी त्यांनी आपल्याच हद्दीत उतरवावे आणि आपल्या खिडक्यांसमोरचा भाग उघडा करावा, एवढे लेखी ठरले, तरी पुष्कळ झाले. त्यांनी नकार दिला, तर मात्र संकोच करू नये.

प्रश्न: कॅम्पमध्ये जुना बंगला आहे. महानगरपालिकेचे नियम तिथे चालतात का?

उत्तर: नाही. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत २००६ चा छावणी कायदा आणि त्या मंडळाच्या उपविधी चालतात. तिथे जमिनीचा मालक कोण, आपल्याकडे ती भाडेपट्ट्याने आहे की जुन्या अनुदानाने, हा प्रश्न व्याप्तीच्याही आधी येतो. तो कागद पाहिल्याशिवाय एक वीटही बदलू नये.

प्रश्न: आम्ही निपाणीचे. घर नियमापेक्षा बरेच जास्त बांधले गेले आहे. “अक्रम-सक्रम होईल, काळजी करू नका” असे सर्व जण सांगतात. शिवाय आता खातेही झाले आहे. मग घर कायदेशीर झाले ना? कागलमध्ये म्हणे असे लगेच नियमित होते.

उत्तर: कागलचे नियम महाराष्ट्राचे. त्यांचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

अक्रम-सक्रम योजनेत निवासी बांधकामातील सेटबॅक व एफएआरचे उल्लंघन ५० टक्क्यांपर्यंत असेल, तर दंड भरून ते नियमित करण्याची तरतूद होती, आणि तीही १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीच्या बांधकामांना. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आपले घर ऑक्टोबर २०१३ मधील त्या तारखेनंतर बांधलेले असेल, तर त्या योजनेची आशा धरण्यात अर्थ नाही, कारण तारखेनेच ते बाहेर पडते.

खाते आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी या सदरात शक्य तितक्या स्पष्टपणे लिहू इच्छितो. खाते म्हणजे कर कोणी भरायचा याची नोंद. ग्रामीण भागात ई-स्वत्तूचा नमुना ९ आणि ११ मिळाला, किंवा शहरात ई-आस्तीचा उतारा मिळाला, तरी त्याने घराची उंची, व्याप्ती किंवा सेटबॅक मंजूर होत नाही. ११-अ आणि ११-ब यांतील फरकही घेणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहावा: ज्या मालमत्तेला रीतसर मंजुरी नाही, तिची नोंद ११-ब मध्ये होते. बॉण्ड पेपरवर घेतलेल्या गुंठेवारीच्या प्लॉटांना तर एनए आणि ले-आउट मंजुरी यांपासूनच सुरुवात करावी लागते.

काळ कडक होत चालला आहे, हेही ध्यानात घ्यावे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी काही निर्देश दिले. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झाल्याची खात्री पटल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, आणि ते प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज, पाणी, ड्रेनेज यांच्या जोडण्या देऊ नयेत, बँकांनीही त्याची पडताळणी करूनच कर्ज द्यावे, असे त्यांत आहे. आपले घर उभे आहे, जोडण्याही झालेल्या आहेत; तरी पुढे मजला वाढवताना, घर तारण ठेवताना किंवा मुलांच्या नावे करताना हे सर्व समोर येईल.

आपण आता एवढे करावे: परवानाधारक इंजिनिअरकडून घराची प्रत्यक्ष मापे घ्यावीत आणि ती मंजूर नकाशाशेजारी मांडून कोणत्या बाजूला किती वाढ झाली आहे, हे एका कागदावर काढावे. त्यांपैकी सेटबॅकमधील पत्रा, बंद केलेला सोपा, झाकलेला जिना, मागचे न्हाणीघर असे जे सहज काढता येण्याजोगे असेल, ते काढून टाकावे. उरलेल्या फरकाविषयी नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. घरात वरचा मजला चढवण्याचा विचार चालू असेल, तर हे उत्तर हाती येईपर्यंत सळई आणि वाळू आणून टाकू नये.